विज्ञान केंद्राची सहल: सीमाभागातल्या शाळांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांतून तेच ते प्रश्न यायला लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकिटाचे दर आणि वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या बदलतात. फोनवर काय विचारायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१. हे इंटरॅक्टिव्ह म्युझियम म्हणजे नेमकं काय? साध्या म्युझियमपेक्षा वेगळं काय असतं?

साध्या संग्रहालयात 'हात लावू नये' ही पाटी असते. इथे हात लावल्याशिवाय काही घडतच नाही. बटण दाबा, चाक फिरवा, दोर ओढा, मग यंत्र काहीतरी करून दाखवतं. आपल्याकडे याला विज्ञान केंद्र किंवा सायन्स सेंटर म्हणतात. देशातली बरीचशी केंद्रं १९७८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने उभारली आहेत. त्यामुळे पणजीत पाहिलेलं एखादं उपकरण बेंगळूरलाही दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

२. बेळगावहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं कुठे आहे?

दोनच ठिकाणं सोयीची आहेत. पहिलं धारवाडचं प्रादेशिक विज्ञान केंद्र. बेळगावपासून साधारण ८० किलोमीटर, सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ चा, वाटेत हिरेबागेवाडीचा टोलनाका. सकाळी साडेसातला निघालं तर दहाच्या आत पोहोचता येतं. दुसरं पणजीला मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी असा रस्ता आहे. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलं तरी घाटामुळे साडेतीन तास धरा.

निपाणीकरांना धारवाड दीडशे किलोमीटर पडतं, म्हणजे सहाला निघायला हवं. खानापूरच्या पश्चिम भागातल्या शाळांना, विशेषतः जांबोटी-कणकुंबीकडच्या, पणजीच जवळ.

बेंगळूरचं विश्वेश्वरय्या औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय, मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि चिंचवडचं सायन्स पार्क ही मुक्कामाची ठिकाणं आहेत. एका दिवसात ती उरकायचा विचारही करू नका. बेंगळूरबद्दल प्रश्न १६ पाहा.

३. कितवीच्या मुलांना न्यावं?

सहावी ते नववी. पाचवीच्या खालची मुलं बटणं दाबत पळतात. त्यांना मजा येते, पण तेवढ्यासाठी चार तास बसमध्ये बसवायची गरज नाही. आठवीला बल, घर्षण, ध्वनी, प्रकाश हे सगळं एका वर्षात येतं आणि नेमकी त्याच विषयांची उपकरणं केंद्रात सर्वांत जास्त असतात. एकच वर्ग न्यायचा असेल तर आठवीचा न्या. दहावीला प्रकाश आणि वीज असली तरी डिसेंबरनंतर त्यांचं डोकं एसएसएलसीच्या सराव परीक्षेत असतं.

४. कोणता महिना बरा?

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते (याचा संबंध प्रश्न ११ शी आहे) आणि स्नेहसंमेलनाची गडबड सुरू झालेली नसते. पण आपल्या भागाची काही खास अडथळ्यांची यादी आहे, ती कॅलेंडरवर आधी खुणा करून ठेवा.

१ नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिवस) बेळगाव शहरातून बस काढू नका. डिसेंबरमध्ये बहुतेक वर्षी कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरतं. ती इमारत धारवाडच्या रस्त्यालाच आहे, त्यामुळे मोर्चे, अडवाअडवी आणि वळवलेली वाहतूक आलीच. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या कोल्हापूरकडच्या गाड्यांनी महामार्ग भरलेला असतो आणि भाड्याची बस मिळणंही अवघड होतं. शिवाय निपाणी, चिकोडी, अथणी भागात उसाचा हंगाम. पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे असते, तेव्हा गावातून महामार्गाला लागेपर्यंत अर्धा तास जास्तीचा धरा आणि ड्रायव्हरला घाई करू नका.

५. परवानगीला कोणकोणते कागद लागतात?

मुख्याध्यापकांचा अर्ज बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला जातो. सहल राज्याबाहेर किंवा मुक्कामाची असेल तर तो उपसंचालकांच्या ऑफिसपर्यंत जाऊ शकतो आणि त्याला वेळ लागतो. निदान महिनाभर आधी अर्ज द्या. शिक्षण खात्याच्या दृष्टीने बेळगाव आणि चिकोडी हे दोन वेगळे जिल्हे आहेत. निपाणीच्या शाळेने बेळगावला खेटे घालून उपयोग नाही.

अर्जासोबत जोडायचं ते असं: शाळा सुधारणा समितीचा ठराव, मुलांची यादी, प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावं (मुली असतील तर शिक्षिका हव्यातच), वेळापत्रक, बसचे कागद. अर्ज अडकतो तो बहुतेक भाषेवरून आणि नावांवरून. वरचं पत्र कन्नडमध्ये द्या. मुलांची नावं हजेरीपटावर जशी आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने लिहा. एका कागदावर 'पाटील परशराम', दुसऱ्यावर 'परशुराम पाटील' असं झालं की फाइल परत येते. त्या वर्षीचं सहलीचं परिपत्रक आधी मागून वाचा, कारण तारखांची मर्यादा त्यातच असते.

६. शाळेची स्वतःची बस आहे. तीच नेली तर चालेल का?

धारवाडला नेण्याआधी तिचा परवाना उघडून बघा. शाळेच्या बसचा परवाना मुलांची ने-आण करण्यापुरता असतो, त्यात हद्दही लिहिलेली असते. गोव्याला जायचं तर आरटीओकडून वेगळा तात्पुरता परवाना लागतो. तो नसेल तर चोर्ल्यापलीकडे चेकपोस्टवर ५० मुलांसह उभं राहावं लागतं, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीही हात वर करते. फिटनेस, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या झेरॉक्स एका पाकिटात बसमध्ये ठेवा.

आमचं मत विचाराल तर परिवहन मंडळाची बस करारावर घ्यावी. डेपो मॅनेजरला पत्र दिलं की काम होतं. एक गोष्ट मात्र आधी विचारा: रोजचे किमान किलोमीटर किती? धारवाडला जाऊन-येऊन १६० किलोमीटरच झाले तरी बिल त्या किमान आकड्याचं येतं. सोबत थांबण्याच्या तासांचा हिशेब असतो. 'इतकं कसं झालं?' हा वाद परत आल्यावर होतो तो यामुळेच.

७. केंद्राला फोन करून काय काय विचारायचं?

आठवड्याची सुट्टी कधी. शाळेच्या गटाला सवलत आहे का आणि त्यासाठी शाळेच्या लेटरहेडवर पत्र लागतं का. शिक्षकांचं तिकीट लागतं का. थ्री-डी शो आणि तारांगणाच्या वेळा, त्यांचं तिकीट वेगळं आहे का आणि एका वेळी किती मुलं बसतात. फुगवलेल्या घुमटाचं तारांगण असेल तर त्यात २५-३० मुलंच मावतात, म्हणजे दोन पाळ्या. डबा खायला सावली कुठे आहे. त्या दिवशी आणखी किती शाळा येणार आहेत. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण सगळा दिवस त्याच्यावर अवलंबून असतो. तीन-चारशे मुलं आधीच येणार असतील तर सरळ दुसरा दिवस घ्या.

८. खर्च मुलामागे किती धरावा?

आकडा आम्ही सांगण्यात अर्थ नाही, रीत सांगतो. बसचं पूर्ण बिल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि शिक्षकांची तिकिटं एकत्र करा. त्या बेरजेला मुलांच्या संख्येने नाही, तर मुलांच्या संख्येतून पाच वजा करून येईल त्या आकड्याने भागा. ऐनवेळी तीन-चार मुलं गळतातच. त्यात मुलाचं तिकीट आणि शो मिळवा, वर १० टक्के हाताशी ठेवा. उरलेले पैसे परत करा आणि हिशेब फळ्याशेजारी लावा.

ज्याला पैसे देणं जमणार नाही त्याचं नाव वर्गात पुकारू नका. 'कोण येणार नाही?' असं हात वर करून विचारणं बंद करा. संमतीपत्र बंद पाकिटात मागवा, त्यात 'मदत हवी' असा एक चौकोन छापा, आणि ती पाकिटं एकाच शिक्षकाने उघडावीत.

९. एका शिक्षकामागे किती मुलं? आणि सगळी उपकरणं बघून कशी होणार?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी: सगळी बघायचीच नाहीत.

गणित करा. दहा मुलांचा गट एका उपकरणापाशी गेला. एका वेळी दोघंच ते चालवू शकतात. जोडीला दीड-दोन मिनिटं दिली तर पाच जोड्यांना आठ ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे तासाभरात सहा उपकरणं. साठ बघायला निघालेला गट एका उपकरणाला एक मिनिट देतो. त्यात पहिला मुलगा बटण दाबतो, बाकीचे नऊ त्याच्या पाठीकडे बघतात आणि सर 'चला, चला' म्हणतात. घरी आल्यावर विचारलं तर त्यांना आरशात जाडं दिसलेलं तोंड तेवढं आठवतं.

म्हणून ५० मुलांचे पाच गट, प्रत्येकासोबत एक मोठं माणूस. पाचवीपर्यंत दहामागे एक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक हे आमचं किमान प्रमाण. पालक घेतलात तर त्याला स्वतःच्या मुलाच्या गटात ठेवू नका. प्रत्येक गटाला सहा उपकरणं ठरवून द्या आणि सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून करायला लावा, म्हणजे गर्दी होत नाही. तासभर हे झालं की चाळीस मिनिटं मोकळं सोडा. ही मोकळीक कापू नका, मुलं नकळत शिकतात ती याच वेळात. शो धरून अडीच तास पुरे होतात.

जमलं तर एका शिक्षकाने आठवडाभर आधी एकट्याने जाऊन यावं. कोणतं उपकरण बंद आहे, पाणी कुठे आहे, मुलींचं स्वच्छतागृह किती लांब आहे, हे त्याशिवाय कळत नाही.

१०. पाट्या कन्नड आणि इंग्रजीत. आमची मुलं मराठी माध्यमाची. मग कळणार कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. आपल्या मुलांना कन्नड वाचता येतं, ते अडत नाही. अडतात ते ओळखीचे दिसणारे शब्द. कन्नड पाटीवरचा 'शक्ति' म्हणजे आपली ऊर्जा. आपण जिला शक्ती म्हणतो, म्हणजे वॉटमध्ये मोजतात ती, तिला कन्नडमध्ये 'सामर्थ्य' म्हणतात. कन्नड 'शब्द' म्हणजे ध्वनी. 'शब्दाचं परावर्तन' वाचून मुलगा गोंधळणार नाही तर काय! 'बल' आणि 'वेग' दोन्हीकडे सारखे. पण चाल म्हणजे 'जव' आणि त्वरण म्हणजे 'वेगोत्कर्ष'. अंतर्वक्र आरसा 'निम्न दर्पण', बहिर्वक्र तो 'पीन दर्पण'.

भिंगाला कन्नडमध्ये 'मसूर' म्हणतात. वर्गात हसू पिकतं, पण मसुराचा अख्खा दाणा तळहातावर घेऊन बघा, दोन्ही बाजूंनी फुगीर, नेमका बहिर्वक्र भिंगाचा आकार. इंग्रजीतला 'लेन्स'सुद्धा मसुराच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. हे एकदा सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

सूचनेची चार-पाच क्रियापदं पाठ करून घ्या: 'ओत्ति' म्हणजे दाबा, 'तिरुगिसि' फिरवा, 'एळेयिरि' ओढा, 'गमनिसि' नीट बघा, आणि 'मुट्टबेडि' म्हणजे हात लावू नका. हे सगळं एका पानावर लिहून सहलीच्या दोन दिवस आधी एका तासात घ्या. माहिती सांगणारे कर्मचारी कन्नडमध्ये बोलतील. शाळेतले कन्नडचे शिक्षक सोबत असतील तर त्यांना गट देऊ नका, पाचही गटांत फिरते ठेवा.

११. डोक्यावरचे केस उभे राहतात ते यंत्र आमच्या मुलींना चाललंच नाही. बिघडलं होतं का?

बहुधा नाही. ते व्हॅन डी ग्राफ जनित्र. रबरी पट्टा फिरून वरच्या धातूच्या गोळ्यावर विद्युतभार साठतो. गोळ्याला हात लावलेल्या मुलीच्या अंगावर, केसांवरही तोच भार पसरतो. प्रत्येक केसावर एकाच जातीचा भार असल्याने केस एकमेकांना ढकलतात आणि पिंजारतात. आता आपल्याकडची तयारी बघा: सहल म्हणून आईने सकाळी खोबरेल चोपडलेलं, दोन घट्ट वेण्या, वर दुमडून लाल रिबिनीने आवळलेल्या. तेलाने केस एकमेकांना चिकटतात, जड होतात, आणि वेणीतून सुटायला त्यांना वावच नसतो.

आदल्या दिवशी केस धुवायचे, सकाळी तेल नाही, आणि यंत्रापाशी एक वेणी सोडायची. तरी झालं नाही तर हवेकडे बघा. दमट हवेत भार गोळ्यावर टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात, आणि समुद्राकाठी तर इतर वेळीही, हे उपकरण रुसतं. उभं राहायचं ते प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी स्टुलावर, हात आधी ठेवून मग यंत्र सुरू करायचं, आणि मैत्रिणीने मध्येच बोट लावायचं नाही. नाहीतर दोघींनाही चटका बसतो.

१२. वर्कशीट द्यावी का?

द्या, पण पाटीवरून उतरवून काढायची नको. तशी दिली की मुलं उपकरणाकडे पाठ करून पाटी लिहीत बसतात. एका उपकरणाला एकच प्रश्न द्या, आणि तो हाताने करून बघितल्याशिवाय सुटू नये.

कप्प्यांच्या खुर्च्यांचं उदाहरण घ्या. खुर्चीत बसून स्वतःच दोर ओढून वर जायचं असतं. प्रश्न: 'तुला आणि खुर्चीला मिळून किती दोर वर धरून आहेत? हातातला दोरही मोज.' पहिल्या खुर्चीला दोन येतात. मुलगा ४० किलोचा, खुर्ची १० किलोची, म्हणजे ओढायला २५ किलोचं बळ. पुढच्या खुर्चीला चार दोर आले तर साडेबारा, वर थोडं घर्षण. मग दुसरा प्रश्न आपोआप येतो: 'एक हात वर जायला किती हात दोर ओढावा लागला?' चार. विहिरीच्या रहाटावर हेच का होत नाही, हे मुलांनाच विचारू द्या.

समोरासमोरच्या दोन मोठ्या तबकड्यांपाशी, जिथे कुजबुज लांब ऐकू येते, प्रश्न असा: 'मधोमध उभ्या असलेल्याला ती ऐकू येते का?' चढावर आपोआप जाणाऱ्या दुहेरी शंकूपाशी सुतळी द्या आणि शंकूच्या मध्यभागाची जमिनीपासूनची उंची दोन्हीकडे मोजायला लावा. तो चढत नाही, उतरतो, हे सुतळीच सांगते.

१३. डब्यात काय असावं?

कोरडं. चपाती किंवा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सुकी बटाट्याची भाजी. दहीभात नको, दुपारपर्यंत आंबतो. भडंग मधल्या वेळेला उत्तम, फक्त उपकरणांच्या दालनात पिशवी उघडू द्यायची नाही. तेलकट हातांनी आरसे आणि टचस्क्रीन खराब होतात, आणि मग पुढच्या शाळेला बोलणी बसतात. पाण्याची एक लिटरची बाटली, तिच्यावर नाव.

१४. चोर्ला घाटात मुलांना उलट्या होतात. काय करायचं?

उपाशी पोटी आणू नका आणि भरल्या पोटीही नको. निघण्याआधी तासभर दोन बिस्किटं किंवा अर्धी भाकरी द्या, दूध नको. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या तीन ओळींत बसवा, खिडकीतून लांब बघायला सांगा, मोबाइल किंवा पुस्तक हातात नको. आलेपाक चालतो. गोळी द्यायची तर पालकाने स्वतः, डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी द्यावी. शिक्षकांनी बसमध्ये वाटायची नाही. कणकुंबीला दहा मिनिटं थांबा, पुढे घाट सुरू होतो. पिशव्या मुलामागे दोन, आणि रस्त्याची अवस्था आदल्या दिवशी विचारा.

१५. आकडी येणारा, श्रवणयंत्र लावणारा किंवा चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी असेल तर?

त्याला मागे ठेवू नका, आधी विचारून घ्या. आकडी येणाऱ्याला लुकलुकणाऱ्या दिव्यांची उपकरणं आणि काही शो टाळावे लागतात, डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषध सोबत हवं. कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, किंवा कोणाला पेसमेकर असेल, तर प्रश्न ११ मधलं यंत्र आणि प्लाझ्माचा गोळा (आत विजेच्या रेषा नाचणारा काचेचा गोळा) यांपासून लांब ठेवा. साध्या श्रवणयंत्रालाही स्थिर विजेचा त्रास होतो, यंत्र काढून ठेवून मग हात लावावा. हा नियम सोबतच्या पालकांना आणि शिक्षकांनाही लागू आहे. चाकाची खुर्ची असेल तर फोनवर रॅम्प आणि लिफ्टचं विचारा, आणि बसमध्ये चढवण्यासाठी दोन माणसं नेमून द्या. अडचण बसच्या पायऱ्यांची जास्त असते, केंद्राची कमी.

१६. बेंगळूरलाच न्यायचं ठरलं आहे. कसं करावं?

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने. संध्याकाळी निघून सकाळी बेंगळूर. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ५० जागा एका डब्यात जवळजवळ हव्या असतील तर त्याच आठवड्यात रेल्वेला पत्र द्या. कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय १९६२ चं. राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती तिथे आहे, ती एकटी अर्धा तास खाते. पण सहावी-सातवीला याची गरज नाही, धारवाड पुरतं.

१७. आमच्या शाळेत सगळी मिळून अठरा मुलं. बस परवडत नाही.

शेजारच्या दोन शाळा एकत्र या. अर्ज मात्र प्रत्येक शाळेचा वेगळा, बिल एका शाळेच्या नावावर, आणि गट मिसळून करा. खानापूरच्या जंगलभागातल्या वाड्यांवरची मुलं पहाटे येऊ शकत नसतील तर बसच्या वाटेवर थांबा ठरवा. परतताना मात्र रस्त्यात उतरवायचं नाही. पालक समोर आल्याशिवाय आणि यादीवर सही झाल्याशिवाय मूल सोडू नका.

१८. मिरामारला आलोच आहोत, तर मुलांना समुद्रात सोडावं का?

नाही. वाळूवर उभं राहून फोटो काढा, घोटाभर पाण्यातही नाही. शिट्टी आणि दोरी असली तरीही नाही. मुलांना हे बसमध्ये चढण्याआधी सांगा, तिथे पोहोचल्यावर सांगून कोणी ऐकत नाही.

१९. मूल हरवलं किंवा उपकरण मोडलं तर?

प्रत्येकाच्या खिशात शाळेचं नाव आणि दोन शिक्षकांचे नंबर असलेली चिठ्ठी हवी. ओळखपत्र गळ्यात घालू नका, फिरत्या यंत्रात दोरी अडकते. हरवल्यास कुठे यायचं ती जागा आत शिरतानाच दाखवा, तिकीट खिडकी सर्वांत बरी. दर तासाला आणि बस हलण्याआधी मोजणी, डोकी मोजून नाही, नावं घेऊन. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे दोन्ही नंबर गोव्यातही चालतात.

उपकरण मोडलं तर लपवू नका, कर्मचाऱ्याला लगेच सांगा. वापरता वापरता तुटलेल्याचे पैसे सहसा कोणी मागत नाही. मस्ती करून तोडलं असेल तर चर्चा मुख्याध्यापकांनी करावी, मुलाच्या खिशातून तिथल्या तिथे काही काढू नये.

२०. पोहोचल्यावर केंद्र बंद निघालं किंवा वीज गेली तर?

वीज गेली तर आधी बाहेरच्या विज्ञान उद्यानात जा. झोके, कप्प्या, तबकड्या यांना वीज लागत नाही, आणि प्रश्न १२ मधले बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात. म्हणून वर्कशीटमध्ये निम्मी उपकरणं बिनविजेची ठेवा. केंद्रच बंद असेल तर चूक बहुधा आपली असते, आदल्या दिवशी फोन केलेला नसतो. अशा वेळी नवीन ठिकाण रस्त्यात ठरवू नका. परवानगी ज्या ठिकाणाची आहे त्याच गावातलं, अर्जात आधीच लिहिलेलं दुसरं ठिकाण हवं. अर्ज भरताना 'पर्यायी ठिकाण' म्हणून एक ओळ वाढवा.